गॅलरीतलं कामाचं टेबल: काम अडेल तेव्हाच नवं हत्यार

आमच्या देव्हाऱ्याच्या दाराची पितळी कडी 2014 च्या दिवाळीत तुटली. तशी कडी नाशिकमध्ये मेनरोडपासून भद्रकालीपर्यंत कुठंच मिळेना. मिळत होत्या त्या पातळ पत्र्याच्या, वर नुसता सोनेरी मुलामा. अप्पा म्हणाले, "अगं, दोन इंचाची पट्टी तर आहे. घरीच कर." घरात एक पक्कड होती, एक स्क्रू ड्रायव्हर आणि नारळ फोडायची हातोडी. अप्पांनी त्यांच्या जुन्या पेटीतून 10 इंची कानस काढून दिली. तिला मूठ नव्हती. "आधी मूठ बसव. बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळहातात घुसतं," एवढंच बोलले.

अप्पा सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झाले आणि आयुष्यभर टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, राहिले. मी अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे, हे माझं काम. स्वतः काही घडवलेलं नव्हतं. ती कडी करायला मला अकरा दिवस लागले, रोज रात्री जेवणानंतर तासभर. आज पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, नऊ फूट बाय चार फुटांत, पितळ-तांब्याची बहुतेक लहानसहान कामं होतात. ही सोय एका दिवसात झाली नाही, आणि एका दिवसात करूही नये, असं माझं ठाम मत आहे.

आता बरेच जण विचारतात, सुरुवात करायला काय काय घेऊ? ऑनलाइन शंभर हत्यारांची पेटी मिळते, ती घेऊ का? नका घेऊ. त्या पेटीतली सत्तर हत्यारं तुम्हाला कधीच लागणार नाहीत, आणि उरलेली तीस इतक्या मऊ लोखंडाची असतात की पहिल्याच कामात त्यांची धार जाते. मी एकच नियम पाळला. एखादी वस्तू करायला घ्यायची, हातातल्या हत्यारांनी जाईल तिथपर्यंत न्यायची, आणि ती जिथं अडेल तिथं जे हत्यार लागेल तेवढंच आणायचं, पण चांगलं आणायचं. म्हणून माझ्याकडचं प्रत्येक हत्यार कुठल्या ना कुठल्या वस्तूच्या नावाने ओळखलं जातं. कडीची कानस, झुमक्याची करवत, वाटीची हातोडी.

आधी टेबल

हत्यारांच्या आधी टेबल, कारण हलणाऱ्या टेबलावर चांगली कानसही नीट चालत नाही. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचं सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत येतं. मी तिथून एका दाराची फळी आणली, चार फूट लांब, बावीस इंच रुंद, दीड इंच जाड. त्यावर जुन्या खिळ्यांची भोकं होती, ती तशीच ठेवली. पाय लोखंडी अँगलचे, फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घेतले. मागची बाजू दोन बोल्टांनी भिंतीत पक्की केली. पायांखाली जाड रबर. हे रबर सुरुवातीला नव्हतं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या. त्यांचं बरोबरच होतं. हातोडीचा ठोका पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरतो. रबर घातलं आणि ठोकाठोकीची वेळ सुट्टीच्या दिवशी अकरा ते एक ठरवून त्यांना सांगून टाकली. फ्लॅटमध्ये राहून हे काम करायचं असेल तर ही दोन्ही कामं पहिल्याच आठवड्यात उरका.

उंची कशी ठरवायची? ताठ उभं राहा, हात कोपरात दुमडा. कोपराचं टोक आणि व्हाइसच्या, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्याचा वरचा काठ एका पातळीत आला पाहिजे. टेबल नव्हे, जबडा. बरेच जण टेबल कोपराला लावतात, त्यावर व्हाइस बसवतात आणि मग खांदे वर उचलून कानस मारत बसतात. तासाभरात मान धरते. बारीक करवतकामाला मात्र उलटं हवं. तिथं वस्तू डोळ्यांजवळ लागते, म्हणून मी बुटक्या स्टुलावर बसते आणि त्याच टेबलावर काम छातीच्या पातळीला येतं.

टेबलाच्या खाली एक जुनं मोठं ताट सरकवून ठेवते, कणकीच्या परातीएवढं. घासताना-कापताना निघणारा धातूचा कीस त्यात पडतो. घरात लहान मूल असेल तर हे विसरू नका, पितळेचा कीस तळपायात गेला की दिसत नाही आणि चुंबकालाही चिकटत नाही. तांब्याचा, पितळेचा आणि लोखंडाचा कीस तीन डब्यांत वेगळा ठेवते. एकत्र झाला की मोडीत कवडीमोल जातो.

व्हाइस जुना घ्या, कानस नवी घ्या

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुनं लोखंड मांडून बसणाऱ्या एका मावशींकडून मी चार इंची व्हाइस घेतला, साडेअकराशे रुपयांना. ओतीव लोखंडाचा जुना व्हाइस नव्या स्वस्त व्हाइसपेक्षा चांगला, पण बघून घ्यायचा. हँडल फिरवून जबडा पूर्ण उघडा आणि हाताने वर-खाली हलवून पाहा. थोडा हलणारच, पण खडखडला तर सोडा. मग जबडे मिटा आणि मध्ये कागदाचे दोन तुकडे धरा, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दोन्ही तुकडे सारखेच घट्ट धरले गेले पाहिजेत. शेवटी अंगावर वेल्डिंगची रेघ शोधा. ओतीव लोखंड एकदा तडकून जोडलेलं असेल तर ते पुन्हा त्याच जागी तडकतं. गंज मात्र मनावर घेऊ नका, गंज निघतो.

व्हाइसच्या जबड्यांवर दाते असतात आणि ते पितळेवर कायमचे उमटतात. ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे कापून जबड्यांवर टोप्यांसारखे बसवा. खिडक्या बनवणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेलेच असतात.

कानस मात्र नेहमी नवी घ्या आणि नाव असलेल्या कंपनीची घ्या. सुरुवातीला दोनच पुरतात. 10 इंची चपटी बास्टर्ड, म्हणजे भरड, आणि 6 इंची अर्धगोल स्मूद, म्हणजे बारीक. पुढे कधीतरी बारीक सुईकानशींचा दहाचा संच. नवी कानस आधी पितळेवर वापरा, लोखंडावर नंतर. पितळेला तीक्ष्ण दात लागतात. लोखंडावर एकदा घासलेली कानस पितळेवर नुसती सरकते. म्हणून पितळेच्या कानशींच्या मुठींना मी लाल धागा बांधलाय, त्या लोखंडाला लावायच्याच नाहीत. आणि कानशी एकमेकींवर टाकून ठेवू नका. एकीचे दात दुसरीला बोथट करतात. मी एका जुन्या सतरंजीला कप्पे शिवून त्यात ठेवते.

कानस कशी मारायची हे मी जरा सविस्तर सांगते, कारण या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. अप्पांनी मला पहिले चार दिवस कडीला हातच लावू दिला नाही. एक पितळी तुकडा दिला, बोटाएवढा, आणि म्हणाले, "याची एक बाजू सपाट करून दाखव." मला वाटलं दहा मिनिटांचं काम. प्रत्येक वेळी मी तुकडा त्यांच्याकडे न्यायची, ते त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, उभा धरायचे, खिडकीकडे उंच करायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. गुण्याच्या पात्याखालून दोन्ही कडांना उजेड यायचा. मधे फुगवटा, कडा उतरत्या.

कारण असं, की कानस पुढे जाताना हात नकळत झोका घेतो. सुरुवातीला मूठ खाली जाते, शेवटी टोक खाली जातं. त्यावर उपाय जोराच्या वाटणीत आहे. घासा सुरू करताना जोर कानशीच्या टोकावरच्या डाव्या हाताचा. मध्यावर दोन्ही हातांचा सारखा. संपताना मुठीवरच्या उजव्या हाताचा. मनगट हलवायचं नाही, जोर खांद्यातून आणि कमरेतून येऊ द्यायचा, डावा पाय पुढे. पुढे जातानाच दाबायचं, मागे येताना फक्त परत आणायची. कानस कापते ती पुढे जाताना, मागे येताना दाबली तर नुसते तिचे दात झिजतात. मिनिटाला चाळीस-पन्नास घासे पुरे. घाई केली की झोका परत येतो.

चौथ्या रात्री गुण्याखालून उजेड आला नाही. अप्पांनी तुकडा फिरवून दोन्ही कर्णांवर गुण्या धरून पाहिला आणि माझ्या हातात कडीची पट्टी ठेवली.

कानशीच्या दातांत पितळ अडकलं की ते पुढच्या घाशाला खोल ओरखडा काढतं. कानशीवर आधी शाळेचा खडू चोळून घ्या, कीस चिकटत नाही. अडकलाच तर पितळी पत्र्याच्या तुकड्याने दातांच्या ओळीतून ढकलून काढा.

कडीच्या वेळी याशिवाय एवढंच लागलं: 150 मिलिमीटरची स्टीलची पट्टी, चार इंची गुण्या, धातूवर रेघ ओढायचा स्क्राइबर, भोकाची खूण ठोकायचा सेंटर पंच, हॅकसॉची म्हणजे धातू कापायच्या करवतीची फ्रेम, 200 ग्रॅमची बॉलपीन, म्हणजे एका बाजूला गोल तोंडाची, हातोडी. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर माझ्याकडे होता. नसेल तर पहिलं वर्ष पट्टीवर भागतं.

कापणं

हॅकसॉची पाती इंचाला 18, 24 आणि 32 दातांची मिळतात. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. नाहीतर पत्र्याची कड दोन दातांच्या मधे शिरते, पातं अडकतं आणि दात गळतात. मिलिमीटरभराच्या पत्र्याला 32 चं पातंही या हिशोबाने भरडच. तेव्हा पत्रा दोन प्लायवूडच्या तुकड्यांत दाबून सगळंच एकत्र कापायचं. पात्याचे दात पुढच्या दिशेला असावेत.

पण दुसऱ्या वर्षी मुलीने झुमके मागितले, पानाच्या जाळीचे. तिथं हॅकसॉ संपला. सराफ बाजारात सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत, तिथं गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, करवत स्वस्त आहे, पाती जास्त घ्या." त्यांनी डझन दिली. मी पहिल्या संध्याकाळी सात मोडली. सोनाराच्या करवतीचे दात मुठीकडे, म्हणजे खाली, आणि ती खाली ओढतानाच कापते. पातं बसवताना फ्रेम टेबलाला टेकवून पोटाने किंचित दाबायची आणि तशीच धरून स्क्रू आवळायचा. नखाने छेडलं तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर आला पाहिजे. भद्द वाजलं तर पातं ढिलं आहे, ते मोडणारच. वळणावर करवत वळवायची नाही. करवत जागच्या जागी वर-खाली चालू ठेवायची आणि पत्रा फिरवायचा. पात्याला देवघरातल्या मेणबत्तीचं मेण लावा. 20 गेजच्या पत्र्याला 2/0 नंबरचं पातं चालतं.

गेजवरून आठवलं. पत्रा गेजवर मागतात पण वजनावर विकतात, आणि नवखा तिथं गोंधळतो. गेज जितका जास्त तितका पत्रा पातळ: 18 म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, 20 म्हणजे 0.9, 22 म्हणजे 0.7, 24 म्हणजे 0.56. फूटभर बाय फूटभर 20 गेजचा तांब्याचा पत्रा पाऊण किलोच्या आसपास भरतो. हे डोक्यात असेल तर भांडी बाजारात भाव विचारतानाच खर्चाचा अंदाज येतो. सुरुवातीला पूर्ण पत्रा घेऊ नका. भांडी करणाऱ्यांकडे कातरण उरतं, वीतभर लांबीचे तुकडे सहज मिळतात, आणि शिकताना वाया जातं ते तेवढंच.

भोक पाडणं, आणि माझ्या हातावरचा व्रण

ड्रिल मशीन घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी तांब्याची पट्टी डाव्या हाताने टेबलावर दाबून धरली आणि 6 मिलिमीटरचं बिट लावलं. बिट वरून छान उतरलं. खालून बाहेर पडताना त्याच्या कडांनी पट्टी पकडली आणि पट्टी बिटाबरोबर पंख्यासारखी फिरली. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या पडद्याला तीन टाके पडले. तेव्हापासून कितीही लहान भोक असलं तरी पत्रा क्लॅम्पनेच धरते. खाली लाकडाचा तुकडा, वर क्लॅम्प, आधी सेंटर पंचची खूण, मग 2 मिलिमीटर, मग 4, मग 6. पातळ पत्र्याला 6 च्या वरचं भोक ड्रिलने पाडूच नये, लहान भोक पाडून करवतीने कापावं आणि गोल कानशीने पूर्ण करावं.

पितळेत आणखी एक गोष्ट होते. नवं धारदार बिट पितळेत स्वतःच आत ओढलं जातं, हाताला झटका बसतो. पितळेसाठी एक बिट वेगळं ठेवा आणि त्याच्या दोन्ही कापत्या धारांवर बारीक ऑइलस्टोन सरळ उभा, एकदाच फिरवा. धार किंचित मारली जाते, मग बिट ओढत नाही, खरवडतं.

बायकांना एक सांगते. मशीन चालू करण्याआधी ओढणी काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, केसांचा अंबाडा घाला, मंगळसूत्र आत खोचू नका, काढूनच ठेवा, बांगड्याही. हातमोजे तर ड्रिलपाशी कुणीच घालू नयेत, बिट कापड ओढून घेतं आणि त्यामागून बोट जातं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

ठोकायला काय घ्यायचं

तिसऱ्या वर्षी तांब्याची वाटी करायची ठरवली. जुन्या नाशकातल्या तांबट लेनचं नाव ज्या कारागिरांवरून पडलं, त्यांचं काम मी लहानपणापासून कानांनी ओळखते. मठारकामाचा, म्हणजे भांड्यावर ठोके देऊन ते कडक करण्याचा, तो एकसारखा ठोका. एका म्हाताऱ्या कारागिरापाशी मी दोन शनिवार नुसती बसून होते. घागर लोखंडी खुंट्यावर अडकवलेली, पायाने ती कणकण फिरवत होते, आणि हातोडी मात्र दर वेळी हवेतल्या त्याच जागी येऊन पडत होती. हात फिरत नव्हता, भांडं फिरत होतं. एक ठोका आधीच्या ठोक्यावर तिसरा भाग चढलेला. त्या माशाच्या खवल्यांसारख्या खुणा नुसत्या शोभेच्या नसतात. ठोक्याने तांबं कडक होतं, म्हणून भांड्याला सहज पोचे पडत नाहीत.

मी त्यांना ऐरणीबद्दल विचारलं. त्यांनी माझ्या हातातली हातोडी घेतली, तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आधी हिचं तोंड धू." म्हणजे घासून गुळगुळीत कर. हातोडीच्या तोंडावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर छापला जातो. त्या रात्री मी 220, 400, 800 आणि 1200 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने वापरून हातोडीचं तोंड आरशासारखं केलं, कडा गोलसर केल्या, आणि तिच्यावर कापडाची टोपी शिवली. ती हातोडी खिळ्याला कधी लावत नाही.

ऐरणीसाठी बरेच जण रेल्वे रुळाचा तुकडा शोधतात. भंगारात बिलाशिवाय रूळ घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा गुन्हा आहे, त्यासाठी 1966 चा स्वतंत्र कायदाच आहे. सातपूर-अंबडच्या भंगारवाल्यांकडे जाड प्लेटचे गॅसने कापलेले तुकडे असतात. चार इंच बाय चार इंच, दोन इंच जाड असा तुकडा घ्या, वरची बाजू कारखान्यात ग्राइंडिंग करून घ्या. खाली चिंचेचा ओंडका. खाटीक वापरतात तो चिंचेचाच असतो, कारण ते लाकूड ठोक्याने फुटत नाही. ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला मी वाटीएवढा खळगा कोरून घेतलाय. पत्रा त्या खळग्यावर धरून लाकडी हातोडीने आत बसवायचा, मग लोखंडावर उलटा धरून आकार पक्का करायचा. सोबत जीन्सच्या पायात वाळू भरून शिवलेली उशी. आवाज निम्मा होतो.

आग सगळ्यात शेवटी

ठोकता ठोकता तांबं ताठ होतं, हातोडीचा आवाज टणक होतो. मग त्याला तापवून मऊ करावं लागतं. इथवर यायला मला तीन वर्षं लागली, आणि तेवढी लागली हे चांगलंच झालं. आग घरात आणण्याआधी हाताला शिस्त हवी.

छोटा ब्युटेनचा टॉर्च, दोन फायर ब्रिक म्हणजे आगीत टिकणाऱ्या विटा, वाळूची बादली, पाण्याची बादली, लांब चिमटा. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायचे, पायात बंद चपला, सुती कपडे. कडप्प्यावर किंवा सिमेंटच्या कोब्यावर ज्योत मारू नका, तापला की दगड तडकून तुकडा उडतो. तांबं संध्याकाळच्या मंद उजेडात तापवा. अंधुक लाल दिसलं की थांबायचं, भर उन्हात तो रंग दिसतच नाही आणि माणूस पुढे जातो. मग थेट पाण्यात. लोखंडाला पाणी दिलं की ते कडक होतं, तांबं मऊच राहतं. पितळ मात्र लाली जाऊ द्यावी, काळं पडू द्यावं आणि मग पाण्यात टाकावं, नाहीतर चीर जाते.

एक सवय लावून घ्या. तापलेलं तांबं आणि गार तांबं दिसायला सारखंच. गरम वस्तू टेबलावरच्या एकाच पत्र्याच्या ताटात ठेवायची, आणि त्या ताटातली वस्तू चिमट्यानेच उचलायची, मग ती कालची का असेना.

जोडकामाला टाकणखार (बोरॅक्स) लागतो. पाण्यात उगाळून सांध्याला लावा. तापवल्यावर तो लाहीसारखा फुगतो, मग बसतो, आणि शेवटी काचेसारखा पातळ चकचकीत होतो. तो पातळ झाला की चांदीची झाळ, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, वितळायची वेळ जवळ आली. ज्योत झाळेवर नको, सगळ्या वस्तूवर फिरवा. झाळ उष्णतेकडे धावते. आणि सांधा आधी कानशीने असा बसवा की त्यातून उजेड दिसणार नाही, झाळ फट भरत नाही. झाळ कॅडमियम नसलेलीच मागा. शिशाचं सोल्डर खाण्याच्या भांड्याला किंवा कानातल्याला कधीच लावू नका. आणि जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा किंवा पाइप तापवू नका, त्याच्या धुराने ताप भरतो.

तापवल्यावर आलेला काळेपणा काढायला तेजाब आणायची गरज नाही. लिटरभर गरम पाण्यात चार-पाच मोठे चमचे लिंबूसत्त्व. अर्ध्या तासात तांबं गुलाबी होतं. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, लोखंड आत गेलं की पाण्यात उतरलेलं तांबं चांदीच्या कामावर चढतं. मी बांबूचा चिमटा वापरते. वाटीत आंबट पदार्थ ठेवणार असाल तर कल्हई करून घ्या. ते काम मी घरी करत नाही, नवसागराचा धूर गॅलरीत नको.

पावसाळा

हेच लिंबूसत्त्व लोखंडाच्या गंजालाही चालतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं, त्यानंतर काही आठवडे बुधवारच्या बाजारात चिखलात भिजलेली हत्यारं विकायला आली होती. मी कानशींचा एक जुडगा आणि दोन पक्कडी आणल्या. रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवल्या, सकाळी पितळी ब्रशने घासल्या, सोड्याच्या पाण्यातून काढल्या, उन्हात कडक वाळवल्या. पक्कडींना शिलाई मशीनचं तेल दिलं. कानशींना तेल देत नाही, तेलकट कानस पितळेवर सरकते.

जून लागला की सगळी हत्यारं गॅलरीतून आत येतात. पेटीत कापराच्या वड्या टाकते, ही अप्पांच्या टूलरूमची रीत. व्हाइसच्या स्क्रूला ग्रीस, जबड्यांना तेलाचा हात आणि वर जुनी सुती साडी. प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट राहतं आणि गंज दुप्पट चढतो.

बेंच ग्राइंडर मी अजून घेतलेला नाही, लेथ तर नाहीच. समईच्या दांड्यासारखं गोल काम असलं की अंबडच्या टर्नरकडे देते. त्याच्या मशीनवर जे पाच मिनिटांत होतं, त्यासाठी माझ्या गॅलरीची जागा अडवायची नाही.

हे सगळं वाचून पहिलं काम कोणतं घ्यावं असं वाटत असेल, तर स्वयंपाकघरातली ढिली झालेली सांडशी घ्या. प्रत्येक घरात एक असतेच. लागेल फक्त एक हातोडी आणि सपाट जाड लोखंडाचा तुकडा. सांडशीच्या दोन पात्यांच्या मधे, रिव्हेटच्या, म्हणजे ती जोडणाऱ्या खिळीच्या, अगदी लगत, वहीच्या कागदाची घडी सरकवा, म्हणजे दोन्ही पाती एकमेकांना आवळून बसणार नाहीत. रिव्हेटचं एक डोकं लोखंडावर टेकवा. दुसऱ्या डोक्यावर बॉलपीनच्या गोल बाजूने हलके ठोके द्या, मधोमध नाही, कडेकडेने, गोल फिरत. सात-आठ ठोके झाले की उघडून-मिटून पाहा. अजून ढिली असेल तर आणखी चार. रिव्हेट पूर्ण झिजलं असेल तर ते कापून काढा आणि तेवढ्याच जाडीची तार घाला. गोल डोकं घडवायला दोन्ही बाजूंना तारेच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट तार बाहेर ठेवा. 3 मिलिमीटरच्या तारेला सुमारे 4 मिलिमीटर. मग कागद ओढून काढा, नाही निघाला तर भिजवून काढा, रिव्हेटवर खोबरेल तेलाचा थेंब टाका आणि पाण्याने भरलेलं पातेलं उचलून पाहा.